सात नावांचं पोस्टर

पुणे
६ जानेवारी २०२५

प्रिय रंगा,

तेवीस वर्षांनी पत्र लिहितोय, तेव्हा आधी काय शिव्या द्यायच्या त्या देऊन घे आणि मग पुढे वाच. फोनच करणार होतो. माझ्या पुतण्याने, राजूने, तुझ्या प्रज्वलचा नंबर दिला. पण प्रज्वल म्हणाला, बाबांना फोनवर काही ऐकू येत नाही, छापखान्याच्या मशीनने कान खाल्ले, तुम्ही लिहूनच पाठवा. म्हणजे आता तुझ्याशी भांडायचं तरी पोस्टाचं तिकीट लावून.

आडवळणाने सांगत नाही. मला राहायला जागा नाही. वैजयंती जाऊन चार वर्षं झाली, मूलबाळ आम्हाला झालं नाही हे तुला ठाऊक आहे. ज्या खोलीत आम्ही सव्वीस वर्षं काढली ती इमारत पाडतायत. बाकीची बिऱ्हाडं गेली. माझ्या डोक्यावरचे अर्धे पत्रे काढून नेले, नळ तोडला, आता खालच्या चहावाल्याकडून बादली भरून आणतो. दोन्ही गुडघे गेलेत. तांड्यावर जावं म्हटलं तर राजू सहा महिने ऊसतोडीला, घराला कुलूप. आणि तांड्यावर मी कोणत्या तोंडाने जाऊ?

इथे शहराबाहेर एका ट्रस्टचं म्हाताऱ्या कलावंतांसाठी घर आहे. तिथली एक खोली रिकामी झालीय. पंचवीस फेब्रुवारीला समितीपुढे बोलावलंय. अट एकच, कलावंत म्हणून नाव छापलेला एक तरी जुना कागद हवा, आणि तोही मूळ. फोटो, झेरॉक्स चालत नाही, कारण खोटे अर्ज फार येतात म्हणे.

आमचा नवचाल नृत्यसंच बंद पडून सदतीस वर्षं झाली. तो चालवणाऱ्या मंजुषाताई गेल्या, त्यांच्या घरातलं सगळं रद्दीत गेलं. सहा वर्षं त्यांच्याबरोबर गावोगाव फिरलो, पण कुठल्याच पोस्टरवर आमची नावं नसत. ‘मंजुषाताई आणि सहकारी.’ सोलापुरात सहकारी, इंदूरला सहकारी. नावं छापली ती एकट्या कारंज्याने. तिथल्या मंडळींनी हट्टच धरला होता की कलाकाराचं नाव-गाव नसेल तर तिकीट कोण काढील, तमाशाच्या बोर्डावरसुद्धा असतं! आणि ते छापलं होतंस तू. फेब्रुवारी १९८२. तू मला आधी प्रूफ पाठवलंस, त्यात चौथी ओळ, ‘दौलतसिंग राठोड, मानोरा’. ते प्रूफ मी खिशात घालून हिंडायचो. घडी घालून घालून त्याचे चार तुकडे झाले, मग आठ, मग गेलंच.

छापलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत तू ठेवायचास. ते पोस्टर तुझ्याकडे असणार. नव्हे, असलंच पाहिजे. पाठव रे बाबा. माझा सगळा जीव त्या एका कागदात अडकलाय.

तुझा
दौलत


कारंजा
१५ जानेवारी २०२५

प्रिय दौलत,

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. शिव्या नंतर देईन, त्या कुठे पळून जात नाहीत.

ते पोस्टर अजून डोळ्यांपुढे आहे. दोन रंगांत काढलं होतं, लाल आणि निळा. मधे मंजुषाताई कमानीसारख्या मागे झुकलेल्या आणि खाली ‘आधुनिक नृत्याचा अभिनव आविष्कार’. अभिनव म्हणजे काय ते कारंज्याला कार्यक्रमातच कळलं. लोकांनी अर्धा तास घुंगरांची वाट पाहिली! माझ्या शेजारचा अडत्या मला कोपराने ढोसून विचारत होता, “का रे, नाच कवा सुरू होते?” तू तेव्हा स्टेजवर उताणा पडून नुसते हात वर उचलत होतास. मी म्हटलं, सुरूच आहे भाऊ, पाहून घे.

आता वाईट बातमी. पोस्टर नाही. आमची गोजरा तुला माहीत आहे, घरात कागद दिसला की तिचे हात शिवशिवतात. तीन वर्षांपूर्वी तिने माझा सगळा जुना गठ्ठा पिंपात भिजत घातला, मेथ्या घालून कुटला आणि त्या लगद्याने फाटक्या टोपल्या सारवल्या. मी घरी आलो तेव्हा ओट्यावर सात टोपल्या उन्हात वाळत होत्या. भांडलो, पण लगद्याशी भांडून काय होणार? तुझं नाव आता आमच्या घरी कुठल्या तरी टोपलीच्या बुडाला आहे.

दुसरा काही पुरावा पाहा. वर्तमानपत्रात काही आलं असेल. ट्रस्टची माणसं ऐकतीलही, तू नाचून दाखव. काळजी करू नकोस.

तुझा
रंगराव


पुणे
२१ जानेवारी २०२५

रंगा,

काळजी करू नकोस असं लिहायला तुला काही वाटलं नाही? छत नसलेल्या माणसाला?

नाचून दाखव म्हणतोस. मला शौचाला बसताना दोरी धरावी लागते. वर्तमानपत्राच्या दोन कचेऱ्यांत जाऊन आलो, जिने चढून. तिथेही ‘मंजुषाताई आणि सहकारी’. एका पोराने विचारलं, आजोबा, तुम्ही यातले कोणते? फोटोत बारा पाय दिसतात आणि सगळे धुरकट. मला माझेच पाय ओळखता येईनात.

रंगा, तू गावात विचार. जिनिंगवाल्यांकडे, हॉलच्या मालकाकडे, कुणाच्या कपाटाच्या तळाला, कुणाच्या देवाच्या तसबिरीमागे असेल. गोजराबाईंना राग नाही. त्यांना काय माहीत कुटताना काय कुटलं ते. पण कारंज्यात एक तरी कागद उरला असेल.

तुला एक सांगतो, जे वैजयंतीलाही नीट सांगितलं नव्हतं. कारंज्यात त्या दिवशी मी नाचलो तो पहिल्या रांगेतल्या कडेच्या एका खुर्चीकडे पाहून. याडीसाठी तिकीट तुझ्याकडेच ठेवलं होतं. सकाळच्या बसने मानोऱ्याहून ये, रंगा तुला हॉलवर घेऊन जाईल, असा निरोप धाडला होता. खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. तांड्यावर लोक म्हणायचे, दौलत कसला नाचतो, नाचणाऱ्यांच्या ट्रंका उचलतो. तिला एकदा डोळ्यांनी पाहू दे, मग कोण बोलतं ते बघतो, एवढंच माझं होतं. आई असून ती आली नाही. पोटच्या पोराला पाहायला चाळीस किलोमीटर येववलं नाही तिला. त्या रागात मी आठ वर्षं घरी गेलो नाही. तार आल्यावर गेलो तेव्हा तिला जाऊन तिसरा दिवस होता.

ते जाऊ दे. पोस्टर शोध. तुझ्या पाया पडतो.

दौलत


कारंजा
१ फेब्रुवारी २०२५

दौलतभाऊ,

हे पत्र माही नात सायली लिहून राह्यली. म्या सांगतलं तसंच लिही म्हनलं, शुद्ध करू नको.

तुमचं पत्र आलं तवा हे दवाखान्यात गेले होते. पाकीट फोडून सायलीनं मले वाचून दाखोलं. त्याच्यात हाय का म्या पोस्टर कुटलं. भाऊ, माह्यावर हा आळ कायले? म्या कागद कुटतो, कबूल हाय. लग्नपत्रिका कुटल्या, प्रज्वलच्या शाळेच्या वह्या कुटल्या. पन त्यायच्या छापखान्याच्या कागदाले आजलोक हात नाई लावला. लावू कशी? पलंगाखालची पेटी, तिले कुलूप, अन् चाबी त्यायच्या करदोड्याले!

ते आंघोळीले जाताना चाबी खुंटीले ठेवतेत, तवा म्या घेतली. सायलीनं पेटी उघडली. सगळ्यात खाली, प्लास्टिकात गुंडाळून ठेवलेलं हाय तुमचं पोस्टर. एक कोपराबी फाटला नाई.

पन भाऊ, त्याच्यात तुमचं नाव नाई. पोरीनं तीनदा वाचलं. म्या बोट ठेवून मोजले, सात नावं हाय. पुन्याचे, मुंबईचे, एक बडोद्याचा. मानोऱ्याचं कोनी नाई.

म्या यायले इचारलं, हे काय हाय? तर माह्याकडं पाह्यलं अन् भिंतीकडं तोंड करून झोपले. दोन दिस झाले, जेवले नाई. काय झालं मले समजून नाई राह्यलं. पोस्टर तुमचं हाय, तुमाले पाठवून राह्यली. पाहून घ्या.

तुमची वहिनी
गोजराबाई


पुणे
७ फेब्रुवारी २०२५

रंगराव,

पोस्टर मिळालं. शीतल, अनिरुद्ध, फरीदा, मग बडोद्याचा जयेश. प्रूफात चौथी ओळ माझी होती. इथे चौथा जयेश आहे.

का, ते विचारत नाही. विचारायला ताकद नाही आणि वेळही नाही. समिती पंचवीसला आहे. काल उरलेले पत्रे काढले. मी जिन्याखाली झोपतो.

प्रज्वल म्हणाला होता, तुझी जुनी मशीन भंगारात गेली नाही, लाकडी अक्षरंही आहेत. जुना कागदही तुझ्याकडे असतोच. मला एक पोस्टर छापून दे. तेच सगळं, फक्त चौथ्या ओळीत माझं नाव. मला ठाऊक आहे मी काय मागतोय. पण ते खोटं नाही, रंगराव. मी नाचलो होतो. त्या हॉलमध्ये, त्या तारखेला मी नाचलो होतो, आणि ते पाहणारा तू आहेस.

एवढं कर. बाकी तुझं तुझ्यापाशी.

दौलतसिंग


कारंजा
१७ फेब्रुवारी २०२५

दौलत,

सोबतच्या पुठ्ठ्याच्या नळीत पोस्टर आहे. चार दिवस लागले. लाकडी अक्षरं चिमटीतून निसटतात, सायली शेजारी बसून उचलून देत होती. नावांच्या ओळींचा लहान टाइप वाळवीने खाल्लाय. बाकीची सात नावं कशीबशी उरलेल्यातून जुळवली. तुझ्यासाठी मोठाच टाइप घेतला. खरं सांगायचं तर लहान पुरला असता तरी मी मोठाच घेतला असता.

आता जे लिहितोय ते गोजरालाही माहीत नाही. ऐंशी साली आपण अकोल्याला त्यांचा कार्यक्रम पाहायला गेलो, दुसऱ्या दिवशी मंजुषाताईंनी पोरांना नाचून दाखवायला बोलावलं. तुला त्यांनी निवडलं. तू आनंदाने तांड्यावर तार करायला पोस्ट शोधत गेलास, तेव्हा मीही त्यांच्यापुढे नाचलो. तुला कधी सांगितलं नाही. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, हात चांगले आहेत, कामाला लावा. मी कामाला लावले.

दोन वर्षांनी याच हातांत तुझं नाव आलं. प्रूफ काढलं तेव्हा मनात काही नव्हतं, आईशप्पथ. तुला पोस्टात टाकून परत आलो, जुळवलेल्या अक्षरांची चौकट मशीनवर चढवली, आणि ती ओळ माझ्याकडे बघायला लागली. दौलतसिंग राठोड, मानोरा. ती उद्या स्टँडवर, बाजारात, प्रत्येक भिंतीवर लागणार आणि खाली बारीक अक्षरांत छापणाऱ्याचं नावसुद्धा नाही. मी ओळ उपसून काढली. छापखान्याचे मालक म्हणाले, सातच का? म्हटलं, एकाचं यायचं रद्द झालं. एवढं सोपं होतं ते. तुम्ही यवतमाळहून टेम्पोने थेट हॉलच्या मागच्या दाराला उतरणार, तिथूनच परत जाणार, हे मला माहीत होतं. हॉलवरची दोन पोस्टरं मी दुपारीच फाडून ठेवली. तू विचारलंस तर सांगणार होतो, लोकांनी आठवण म्हणून नेली. तू विचारलंही नाहीस, खुर्चीकडे बघत राहिलास.

दौलत, याडी आली होती.

सकाळच्या बसने आली. छापखान्यात आली, अंगात आरशांची कांचळी, हातात नवीन पिशवी. मी तिला पाणी दिलं. भिंतीवर एक पोस्टर लावलेलं होतं. ती म्हणाली, “बेटा, माह्या दौलतचं नाव कुटं हाय? बोट ठेव.”

मी म्हणालो, नाही.

ती म्हणाली, “नीट पाह्य.” मी पाहिल्यासारखं केलं आणि पुन्हा म्हणालो, नाही.

मग ती त्या चित्राकडे वळली. म्हणाली, “मंग लोक म्हंतेत थे खरं हाय. सामान उचलते.” तेव्हा मी बोलायला हवं होतं. नुसतं एवढं की नाही आई, नाचतो तो, चल, संध्याकाळी दाखवतो. तिकीट माझ्या खिशात होतं. मी बोललो नाही. ती म्हणाली, “त्याले सांगू नको म्या आली होती. त्याले लाज वाटंन.” आणि दुपारच्या बसने परत गेली. रात्री तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, आलीच नाही.

ती तुझ्यावर रुसली नव्हती. तुझी लाज राखायला तिने तोंड बंद ठेवलं. आणि माझी लाज राखायला मी बंद ठेवलं, त्रेचाळीस वर्षं. तू आठ वर्षं घरी गेला नाहीस हे मला माहीत होतं. दर दिवाळीला ठरवायचो की लिहू. पोस्टर जाळायलाही धीर झाला नाही आणि दाखवायलाही नाही.

माफी मागत नाही. ती मागायचीसुद्धा माझी लायकी राहिली नाही. हे पोस्टर समितीला दाखव आणि खोली घे. निदान ती तरी तुला मिळू दे.

रंगराव


पुणे
२८ फेब्रुवारी २०२५

रंगराव,

तुझं पत्र आणि नळी चोवीसला एकदमच मिळाली. पत्र आधी वाचलं. नंतर काय केलं ते आठवत नाही. चहावाला म्हणतो, तुम्ही फुटपाथवर बसून मोठ्याने ओरडत होता.

तरीही पंचवीसला सकाळी दाढी करून गेलो. भूक आणि थंडी माणसाला निर्लज्ज करतात. समितीत तिघे होते. त्यातले एक म्हातारे, नाटकांचे पडदे ओढण्यात आयुष्य गेलेले. त्यांनी पोस्टर टेबलावर पसरलं, माझ्या नावावरून अंगठा फिरवला. अंगठा लाल झाला. रागावले नाहीत. म्हणाले, “राठोड, शाई ओली आहे. आणि चौथ्या नर्तकाचं नाव मंजुषाताईंच्या नावापेक्षा मोठं? कुठल्या कंपनीत असतं असं?” मला जमिनीने गिळावं असं वाटलं.

मग मी खरं पोस्टर काढून दिलं, सात नावांचं. सांगितलं, नावं आठ होती, चौथं माझं, प्रूफात होतं, छापताना काढलं. समितीच्या अध्यक्ष एक बाई होत्या. म्हणाल्या, “खोटा कागद आम्हाला नको, पण खऱ्या माणसावर आम्ही विश्वास ठेवू. छापणारा हयात असेल आणि त्याने नाव काढल्याचं लिहून दिलं असेल तर ते दाखवा. बाहेर दोघे थांबलेत, खोली आजच द्यायची आहे.”

तुझं पत्र माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. तू कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहिलंयस. एका बाजूला प्रूफ आणि उपसलेली ओळ, त्याच्याच पाठीवर याडी. फाडून अर्धं देता येत नव्हतं. ते त्यांनी मोठ्याने वाचलं असतं. तिने बोट ठेव म्हटलेलं वाचलं असतं, मग पंच मारून फायलीत लावलं असतं. हात खिशापर्यंत गेला, रंगराव. कागद बोटांना लागला. एक खोली, पलंग, नळाला पाणी, मरेपर्यंत. मी हात बाहेर काढला आणि सांगितलं, छापणारा वारला.

खोली एका गाणाऱ्या बाईंना मिळाली. चांगल्या आहेत, मला जिना उतरायला हात दिला.

काल चहावाल्याने सांगितलं, सोमवारी इमारतीला मशीन लागणार. गोजराबाईंना मी फोन केला होता. तुझ्याबद्दल आम्ही बोललो नाही. मी एवढंच विचारलं की घरात एक खाट बसेल का. त्या म्हणाल्या, “भाऊ, इचारता काय, या.”

म्हणून सहा तारखेला, गुरुवारी येतोय, तोवर चहावाल्याकडे झोपेन. दुपारपर्यंत पोचेन. मोटारस्टँडवर सायलीला पाठव, तू येऊ नकोस. तुला मी माफ केलेलं नाही, आणि या वयात ते जमेल असं वाटत नाही. पण मला जायला दुसरं घर नाही.

दौलतसिंग